आधी नोंद, मग शिक्का

१९७२ साली फ्रान्समध्ये ‘मोरहांज’ नावाच्या बेबी पावडरीने ३६ लहान मुलांचा जीव घेतला. आजारी पडलेली मुले एकूण २०४ होती. शंखजिऱ्याची ती साधीच पावडर. मुळात तिच्यात घातक असे काही नव्हते. पण पावडर डब्यांत भरणाऱ्या कारखान्यात हेक्झाक्लोरोफीन हे तीव्र जंतुनाशक चुकून तिच्यात मिसळले आणि त्याचे प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास गेले. लंगोटाने लाल झालेल्या, सोललेल्या कातडीतून ते बाळांच्या अंगात भिनले आणि त्याने मज्जासंस्थेवर घाला घातला. मुले कशाने दगावत आहेत, याचा उलगडा व्हायलाही बराच काळ गेला. या दुर्घटनेनंतर आरोग्यमंत्री सिमोन वेल यांच्या पुढाकाराने फ्रान्सने १९७५ मध्ये प्रसाधनांसाठी स्वतंत्र कायदा केला आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९७६ मध्ये, युरोपीय समुदायाचा प्रसाधनांविषयीचा पहिला सामाईक निर्देश आला. आजचा निर्यातदार ज्या कागदपत्रांच्या ढिगाने वैतागतो, त्या ढिगाच्या मुळाशी अशा घटना आहेत. पिंपात काय आहे, ते कोणी पाठवले, कोणी तपासले, कोणी मोजून घातले, ते कोणत्या बॅचमध्ये गेले आणि काही विपरीत घडले तर जबाब कोण देणार, हे प्रश्न त्या मुलांच्या मृत्यूने विचारले. प्रसाधनांच्या जगातील प्रत्येक गंभीर नियम याच प्रश्नांची उत्तरे मागतो.

साबण, केशतेल, उटणे, फेस पॅक किंवा टूथपेस्ट बनवणारा आपल्याकडचा उद्योजक परदेशी बाजाराचा विचार करू लागला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणकोणती सर्टिफिकेट लागतात? मग यादी तयार होते. आयएसओ, जीएमपी, हलाल, ऑरगॅनिक, क्रुएल्टी-फ्री, अमेरिकेसाठी एफडीए, युरोपसाठी सीई. यादीतील काही गोष्टी खरोखर आवश्यक असतात, काही ऐच्छिक असतात, काही भलत्याच मालासाठी असतात आणि काही तर अस्तित्वातच नसतात. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की या प्रश्नाचा क्रम चुकला आहे. परदेशी कायदा आणि शहाणा खरेदीदार हे दोघेही शेवटी आपल्याकडे पुरावा मागतात. प्रमाणपत्र म्हणजे त्या पुराव्याची कोणीतरी त्रयस्थाने दिलेली पोच. पुरावा तयार असेल तर पोच मिळवणे हे वेळ आणि पैसा लागणारे, पण सरळ काम आहे. पुरावाच नसेल तर भिंतीवर टांगलेली दहा प्रमाणपत्रेही बंदरावर अडकलेला माल सोडवू शकत नाहीत.

युरोपीय संघाचे उदाहरण आधी पाहू, कारण जगातील बऱ्याच देशांनी आपले नियम त्याच्या साच्यावर बेतले आहेत. तिथला १२२३/२००९ हा मुख्य नियम ११ जुलै २०१३ पासून पूर्णपणे लागू आहे. या नियमात विक्रीपूर्वी सरकारने मंजुरी देण्याची पद्धतच नाही. त्याऐवजी संघाच्या हद्दीत राहणारी एक ‘जबाबदार व्यक्ती’ नेमावी लागते. ही व्यक्ती म्हणजे आयातदार किंवा करार केलेली संस्था असू शकते. कायद्यापुढे उत्तर तिने द्यायचे असते. तिच्याकडे प्रत्येक उत्पादनाची एक माहिती फाइल हवी. त्या फाइलमध्ये उत्पादनाचे वर्णन, बनवण्याची पद्धत, दाव्यांचा पुरावा आणि सर्वांत महत्त्वाचा सुरक्षितता अहवाल असतो. हा अहवाल औषधनिर्माणशास्त्र, विषशास्त्र, वैद्यक किंवा तत्सम शाखेचे शिक्षण घेतलेल्या तज्ज्ञानेच द्यायचा असतो. शेवटची बॅच बाजारात आल्यानंतर दहा वर्षे ही फाइल जपून ठेवायची आणि विक्रीआधी उत्पादनाची नोंद युरोपच्या मध्यवर्ती ऑनलाइन यंत्रणेत करायची. कारखाना उत्तम उत्पादन पद्धतीने (जीएमपी) चालला पाहिजे, असे कायदा निक्षून सांगतो. त्यासाठी बाहेरच्या संस्थेचे प्रमाणपत्र आणाच, असे मात्र तो म्हणत नाही. ज्या सीई चिन्हासाठी काही जण पैसे मोजतात, ते खेळणी, विजेची उपकरणे किंवा वैद्यकीय साधने यांच्यासाठी आहे, प्रसाधनांना ते लागूच नाही. इतकेच नव्हे, तर २०१३ च्या दाव्यांविषयीच्या नियमानुसार ‘अमुक सरकारी यंत्रणेने मान्यता दिलेले’ असे प्रसाधनाच्या लेबलवर छापायलाही तिथे मनाई आहे.

अमेरिकेत मार्ग वेगळा आहे, पण पोहोचतो तिथेच. तिथली एफडीए ही अन्न व औषध नियंत्रक संस्था प्रसाधनांना विक्रीपूर्व मान्यता देत नाही. मान्यता लागते ती त्यांतल्या रंगांना. डिसेंबर २०२२ मध्ये संमत झालेल्या ‘मोक्रा’ या कायद्याने १९३८ नंतर प्रथमच प्रसाधनांच्या चौकटीत मोठा बदल केला. कारखान्याची नोंदणी, प्रत्येक उत्पादनाची यादीत नोंद, परदेशी कारखान्यासाठी अमेरिकेतील प्रतिनिधी, गंभीर दुष्परिणाम कळल्यास १५ कामकाजी दिवसांत अहवाल, आणि उत्पादन सुरक्षित असल्याचा आधार देणाऱ्या नोंदी, हे आता बंधनकारक झाले. अमेरिकेतील सरासरी वार्षिक विक्री दहा लाख डॉलरपेक्षा कमी असलेल्या छोट्या व्यवसायांना, डोळ्यांजवळ लावण्याच्या वस्तूंसारखे काही प्रकार वगळता, नोंदणीतून सूट आहे. सुरक्षिततेच्या आधारातून मात्र छोट्यालाही सूट नाही. ही एकच गोष्ट कायद्याचा कल स्पष्ट करते: नोंदणीचा कागद माफ होऊ शकतो, पुरावा माफ होत नाही. शिवाय नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. म्हणून ‘एफडीए अप्रूव्हड साबण’ असे सांगून कोणी रंगीत प्रमाणपत्र विकत असेल, तर तो खोटा माल विकत आहे असे समजावे. आणखी एक गोष्ट निर्यातदाराने आधीच तपासायला हवी. सनस्क्रीन, कोंड्यावरचा शाम्पू, फ्लोराइडची टूथपेस्ट, घाम रोखणारी उत्पादने ही अमेरिकेच्या कायद्याने औषधे ठरतात. इथे प्रसाधनाच्या परवान्यावर बनणारी वस्तू तिथे औषधाच्या कठोर नियमांखाली येते आणि कोणतेही ऐच्छिक प्रमाणपत्र ही सीमा ओलांडून देत नाही.

काही देशांत प्रमाणपत्र हाच कायद्याचा भाग आहे, हे इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. इंडोनेशियाने २०१४ च्या कायद्याने हलाल प्रमाणन बंधनकारक केले आणि प्रसाधनांसाठी त्याची मुदत १७ ऑक्टोबर २०२६ ठरवली. चीनने मे २०२१ पासून सर्वसाधारण प्रकारच्या आयात प्रसाधनांना प्राण्यांवरील चाचणीतून काही अटींवर सूट दिली. त्यांतली महत्त्वाची अट अशी की निर्यात करणाऱ्या देशाच्या सरकारी यंत्रणेने कारखान्याला उत्तम उत्पादन पद्धतीचे प्रमाणपत्र दिलेले असावे. कितीही नावाजलेल्या खासगी संस्थेचा शिक्का तिथे पुरत नाही. अनेक देश ‘फ्री सेल सर्टिफिकेट’ मागतात, म्हणजे हा माल मायदेशात कायदेशीरपणे विकला जातो असा सरकारी दाखला. असे असूनही मूळ मुद्दा हलत नाही. हलालचेच घ्या. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल वनस्पती तेलातून आले की चरबीतून, लाल रंग किड्यांपासून काढलेल्या कार्माइनचा आहे का, एकाच यंत्रावर दुसरा माल बनवला असेल तर मधे सफाई कशी केली, हे प्रत्येक पुरवठादाराच्या लेखी निवेदनातून आणि कारखान्याच्या रोजच्या नोंदींतून दाखवावे लागते. शिक्का सक्तीचा असला तरी तो ज्या जमिनीवर उभा राहतो ती नोंदींचीच असते.

या कामाची सुरुवात परदेशात होत नाही, घरात होते. भारतात प्रसाधने १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि आता २०२० च्या कॉस्मेटिक्स रूल्सखाली येतात. उत्पादनाचा परवाना राज्य देते. महाराष्ट्रात ते काम अन्न व औषध प्रशासनाचे. स्वतःचा कारखाना नसेल तर दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात माल बनवून घेण्याचीही सोय आहे. भारतीय मानक ब्यूरोची संबंधित मानके पाळावी लागतात. रंगांतील शिशाची मर्यादा दहा लाख भागांत २० भाग, तर आर्सेनिकची २ भाग आहे. प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यावर भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. निर्यातदाराला मुंबईत मुख्यालय असलेल्या, १९६३ साली स्थापन झालेल्या ‘केमेक्सिल’ या निर्यात प्रोत्साहन परिषदेचे सदस्यत्वही घेता येते. यांतले काय कशाचा दाखला आहे, हे वेगळे ओळखणे आवश्यक आहे. परिषदेचे सदस्यत्व तुम्ही निर्यातदार आहात एवढेच सांगते, मालाविषयी काहीच सांगत नाही. राज्याचा परवाना कारखान्याला बनवण्याची मुभा देतो, आजच्या बॅचची हमी देत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल त्या एका नमुन्याविषयी बोलतो, आणि नमुना कोणत्या बॅचचा हे लिहिले नसेल तर तोही मुका राहतो. एका दाखल्याकडून दुसऱ्याचे काम अपेक्षिले की निर्यातदाराची पहिली फसगत होते.

आता या क्षेत्रातील सर्वांत उपयुक्त मानकाकडे येऊ. आयएसओ २२७१६ हे २००७ साली प्रसिद्ध झालेले मानक प्रसाधनांच्या उत्तम उत्पादन पद्धतीसाठी आहे. कामगारांचे प्रशिक्षण, आवाराची रचना, यंत्रांची सफाई, कच्च्या मालाची आवक आणि तपासणी, उत्पादन, साठवण, तक्रारी, माल परत बोलावणे, अंतर्गत ऑडिट असा सगळा प्रवास त्यात येतो. मोरहांजच्या पावडरीत जे घडले ते अशा कारखान्यात घडणे फार कठीण, कारण तिथे ओळखपट्टी नसलेले पिंप उत्पादनाच्या खोलीपर्यंत जातच नाही. पुष्कळ लहान उद्योजक याऐवजी आयएसओ ९००१ घेतात, कारण ते सहज मिळते. पण ते व्यवस्थापनाविषयीचे सर्वसाधारण मानक आहे. क्रीममध्ये जंतू वाढतात की नाही याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. आणखी एक गैरसमज म्हणजे ‘आयएसओने प्रमाणपत्र दिले’. आयएसओ ही संस्था मानके लिहिते, कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते स्वतंत्र प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थांची पात्रता तपासणारी अधिस्वीकृती मंडळे वेगळी असतात. भारतात प्रमाणन संस्थांसाठी एनएबीसीबी आणि प्रयोगशाळांसाठी एनएबीएल. प्रमाणपत्रावर अधिस्वीकृतीचा उल्लेख आहे का, त्याच्या व्याप्तीत आपण बनवतो तेच उत्पादन आणि तोच पत्ता आहे का, हे दोन प्रश्न विचारले तरी स्वस्तात घरपोच येणारी बरीच प्रमाणपत्रे गळून पडतात.

ऐच्छिक चिन्हांच्या बाबतीत व्याख्या वाचल्याशिवाय पाऊल टाकू नये. युरोपातील पाच संस्थांनी मिळून घडवलेल्या ‘कॉसमॉस’ मानकात ऑरगॅनिक म्हणवून घेण्यासाठी भौतिक प्रक्रियेने मिळवलेल्या शेतीजन्य घटकांपैकी किमान ९५ टक्के सेंद्रिय असावे लागतात आणि संपूर्ण उत्पादनाच्या किमान २० टक्के भाग सेंद्रिय असावा लागतो. धुऊन टाकायच्या उत्पादनांत १० टक्के. हे आकडे लहान वाटतात याचे कारण तिथे पाणी सेंद्रिय धरत नाहीत, आणि शाम्पूत मोठा हिस्सा पाण्याचाच असतो. उलट आयएसओ १६१२८ या मार्गदर्शक मानकानुसार नैसर्गिक घटकांची टक्केवारी पाणी धरूनही काढता येते. म्हणजे ‘९५ टक्के नैसर्गिक’ हे शब्द एका मोजपट्टीवर मोठी कामगिरी असू शकतात आणि दुसऱ्या मोजपट्टीवर मुख्यतः पाणी. साबण बनवणाऱ्यासाठी पाम तेलाचा प्रश्न असाच आहे. शाश्वत पाम तेल प्रमाणित करणाऱ्या आरएसपीओच्या पद्धतीत प्रमाणित तेल शेवटपर्यंत वेगळे ठेवणारे प्रकार आहेत, तसा प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकत्र करून हिशेब मात्र चोख ठेवणारा ‘मास बॅलन्स’ प्रकारही आहे. प्राण्यांवर चाचणी न केल्याची ग्वाही देणाऱ्या ‘लीपिंग बनी’ या चिन्हासाठी स्वतःचे वचन पुरत नाही, पुरवठादारांवर नजर ठेवण्याची यंत्रणा दाखवावी लागते. दुसरीकडे, कायद्याने सर्वांवरच बंधनकारक असलेली गोष्ट आपल्या मालाचे खास वैशिष्ट्य म्हणून मिरवायला युरोपात मनाई आहे. कोणते चिन्ह घ्यायचे हे म्हणूनच आवडीने ठरत नाही. कोणत्या बाजारातील कोणता खरेदीदार त्याचे मोल ओळखतो यावरून ते ठरवावे लागते.

आधी पुरावा, मग प्रमाणपत्र या क्रमावर पहिला आक्षेप व्यवहारातून येतो. परदेशी खरेदीदार पहिल्याच ईमेलमध्ये प्रमाणपत्रांची यादी मागतो. फाइल कितीही उत्तम असली तरी कागदाशिवाय दार उघडत नाही, मग आधी कागदच घेतलेला बरा. या आक्षेपात तथ्य आहे. हजारो मैलांवरचा खरेदीदार प्रत्येक पुरवठादाराचा कारखाना पाहू शकत नाही, त्यामुळे त्रयस्थाच्या शिक्क्यावर त्याला विसंबावे लागते. पण त्याच खरेदीदाराचा दुसरा ईमेल काय मागतो ते पाहावे. त्यात पूर्ण फॉर्म्युला टक्केवारीसह मागितलेला असतो. प्रत्येक कच्च्या मालाचा तपासणी दाखला, सुगंधातील अ‍ॅलर्जीजनक घटकांची यादी, माल किती काळ टिकतो याची चाचणी, परिरक्षक जंतूंना रोखतो का याची चाचणी, डब्याच्या प्लास्टिकची माहिती, हे सगळे त्यात असते. युरोपातील जबाबदार व्यक्तीला सुरक्षितता अहवाल करून घ्यायचा असतो आणि तो या माहितीशिवाय होत नाही. टिकाऊपणाच्या चाचण्यांना महिने लागतात. पैसे वाढवून त्या आठवड्यात उरकता येत नाहीत. ज्याने आधी शिक्का घेतला त्याची ऑर्डर इथे अडते. ज्याने आधी चाचण्या सुरू केल्या त्याला शिक्क्याची वाट पाहताना निदान खरेदीदाराशी बोलायला काही हातात असते.

दुसरा आक्षेप परंपरेचा आहे आणि तो मनाला अधिक भिडतो. उटणे, शिकेकाई, काजळ, कुंकू पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. त्याची सुरक्षितता आता परक्यांना का पटवून द्यायची? दीर्घ वापराचा अनुभव हा खरोखरच पुरावा आहे, आणि सुरक्षितता तपासणारा तज्ज्ञ तो विचारातही घेतो. पण तो पुरावा त्या जुन्या वस्तूचा असतो. हळदीपासून घरी केलेल्या कुंकवाचा अनुभव कारखान्यातील रंगद्रव्यातून आलेल्या लाल पुडीला लागू होत नाही. न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिथल्या दुकानांतून आणि मुंबई-दिल्लीतून घेतलेले सिंदुराचे ११८ नमुने तपासले. साधारण पाचांपैकी चार नमुन्यांत दर ग्रॅमला एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळले, आणि काहींत ते कित्येक पटींनी जास्त होते. हा माल परक्यांच्या कपाळी लागत नव्हता, तो आपल्याच लेकीसुनांच्या भांगात भरला जात होता. काजळ-सुरम्यात शिसे सापडत आल्याने अमेरिकेची एफडीए असा माल सीमेवरच अडवते. वनस्पतींच्या बाबतीतही ‘नैसर्गिक’ हा शब्द पुरत नाही. गवती चहाच्या तेलातील सिट्रल आणि गुलाबातील जिरॅनिऑल हे युरोपच्या अ‍ॅलर्जीजनक सुगंधद्रव्यांच्या यादीत आहेत. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात ०.००१ टक्क्याहून आणि धुऊन जाणाऱ्यात ०.०१ टक्क्याहून जास्त असले की त्यांची नावे लेबलवर छापावी लागतात. नागरमोथा, कपूरकाचरी, आंबेहळद ही जमिनीतून येणारी मुळे-कंद मातीतील जंतू सोबत आणतात, त्यामुळे उटण्याची जंतुचाचणी क्रीमइतकीच गरजेची ठरते. परंपरेचा आदर करायचा तर तिच्या नावावर विकल्या जाणाऱ्या पुडीत काय आहे हे आपणच आधी तपासले पाहिजे.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे. हे नियम श्रीमंत देशांनी स्वतःचे उद्योग राखण्यासाठी उभारलेल्या भिंती आहेत आणि त्यांचा खर्च सांगली-जळगावच्या लहान उत्पादकाला पेलत नाही, असे म्हटले जाते. नियम भिंतीसारखे वापरले जाऊ शकतात, हे जागतिक व्यापार संघटनेच्या तांत्रिक अडथळ्यांविषयीच्या करारानेही गृहीत धरले आहे. गरजेपेक्षा अधिक अडथळा करू नका आणि नवा नियम आधी इतरांना कळवा, असे तो करार सदस्य देशांना बजावतो. अन्याय्य नियमाविरुद्ध सरकारने तिथे आवाज उठवलाच पाहिजे. पण प्रसाधनांच्या बाबतीत एक वस्तुस्थिती नजरेआड करता येत नाही. परदेशी प्रसाधन भारतात आणायचे तर आपल्या नियमांनुसार आधी सरकारी नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. आपला माल युरोपात विकायला तिथल्या सरकारची अशी पूर्वमंजुरी लागत नाही. आपण आपल्या ग्राहकासाठी सावध राहतो, तसेच तेही राहतात. खर्चाचे उत्तर मात्र खरे शोधावे लागेल. आयएसओ २२७१६ मधील बहुतेक शिस्त प्रमाणपत्र न घेताही पाळता येते: आवकेची वही, वजनाची नोंद, बॅच क्रमांक, राखून ठेवलेला नमुना, सफाईचा तक्ता. यात पैशापेक्षा सवय लागते. प्रमाणित कारखान्यात माल बनवून घेण्याचा मार्ग आहे. आणि दहा उत्पादने घेऊन निघण्याऐवजी एक-दोन घेऊन निघाले, तर सुरक्षितता अहवालांचा आणि चाचण्यांचा खर्च त्याच प्रमाणात खाली येतो, कारण तो दर उत्पादनामागे करावा लागतो.

चौथा आक्षेप सर्वांत कठीण आहे: प्रमाणपत्र असलेल्या कंपन्याही फसवतात, मग या सगळ्याचा उपयोग काय? फ्रान्समधील ‘पीआयपी’ या कंपनीची स्तनरोपणे प्रमाणित होती, तरी २०१० मध्ये उघड झाले की त्यांत औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरले जात होते. तपासनीस आधी कळवून येत आणि कारखाना त्या दिवसापुरती सगळी तयारी करून ठेवी. कंपनीच्या संस्थापकाला पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली. सातबाऱ्यावर ऊस लिहिला म्हणून शेतात ऊस उभा राहत नाही. पीकपाहणी खरी असावी लागते. या घटनेतून प्रमाणन निरुपयोगी ठरत नाही, त्याची मर्यादा कळते. ऑडिटर वर्षातले काही दिवस पाहतो, बाकीचे दिवस कारखान्याच्या सचोटीवर चालतात. शिवाय प्रामाणिक कारखान्याचेही प्रमाणपत्र शिळे होते. फुलांच्या वासासाठी वर्षानुवर्षे वापरले जाणारे ‘लिलिअल’ हे सुगंधद्रव्य युरोपने १ मार्च २०२२ पासून बंद केले. तिथल्या धोकादायक उत्पादनांच्या सार्वजनिक सूचनांत पुढे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी प्रसाधने पहिल्या क्रमांकावर राहिली आणि त्यामागचे मोठे कारण हेच द्रव्य होते. २०२३ च्या नियमाने लेबलवर जाहीर करायच्या सुगंधद्रव्यांची यादी वाढवून ८० च्या पुढे नेली. नव्या उत्पादनांना त्यासाठी ३१ जुलै २०२६ आणि जुन्यांना ३१ जुलै २०२८ अशी मुदत दिली. आपल्या अत्तरात नेमके काय आहे याची नोंद ज्याच्याकडे आहे तो अशा वेळी फॉर्म्युला बदलतो. ज्याच्याकडे फक्त चौकटीतले प्रमाणपत्र आहे त्याला हा बदल माल परत आल्यावर कळतो.

या सगळ्यातून कामाचा एक क्रम निघतो. आधी उत्पादन कोणत्या देशात प्रसाधन ठरते आणि कोणत्या देशात औषध, हे पाहावे आणि त्यावरून बाजार निवडावा. मग फॉर्म्युल्यातील प्रत्येक घटक त्या देशाच्या बंदी आणि मर्यादांच्या यादीशी ताडून पाहावा. टिकाऊपणाच्या आणि जंतूंच्या चाचण्या लवकरात लवकर, अधिस्वीकृत प्रयोगशाळेत सुरू कराव्यात. कारखान्याची नोंदवही रोजच्या रोज भरली जाऊ लागली की आयएसओ २२७१६ चे ऑडिट करून घ्यावे. कायद्याने सक्तीचे दाखले त्यानंतर आणि ऐच्छिक चिन्हे अगदी शेवटी, खरेदीदार नक्की झाल्यावर घ्यावीत. लहान उत्पादकांसाठी सरकार आणि परिषदांनी करण्याजोगे सर्वांत मोलाचे कामही यातूनच दिसते. प्रमाणपत्राच्या शुल्कावर अनुदान देणे सोपे आहे, पण त्याचा लाभ त्या वर्षापुरता टिकतो. औद्योगिक वसाहतींत परवडणाऱ्या सामाईक प्रयोगशाळा, सुरक्षितता अहवाल लिहू शकणारे आपल्याच विद्यापीठांत घडलेले विषशास्त्रज्ञ, आणि परदेशी याद्यांतील बदल मराठीत वेळेवर कळवणारी व्यवस्था उभी राहिली, तर तिचा लाभ प्रत्येक बॅचला मिळेल. आणि तो निर्यातीपुरता राहणार नाही. जो कारखाना हॅम्बुर्गला जाणाऱ्या डब्यासाठी पिंपाची ओळखपट्टी तपासायला शिकला, त्याने हिंगोलीला जाणाऱ्या डब्यासाठीही तीच पट्टी तपासली पाहिजे. कातडी दोन्हीकडे सारखीच कोवळी असते.